वसतिगृहाचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी
(वडोदरा येथील सभासदांच्या बैठकीतील भाषण)



आपल्या नव्या विद्यार्थी वसतिगृहाचा नकाशा आज मंजुरीला आला आहे. मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगांना खोल्या. खाटा जास्त मावतात, हे खरे. पण जवळच्याच अहमदाबादेत काय आहे ते पाहा.

तेथील आयआयएमची वसतिगृहे लुई कान यांनी १९६० च्या दशकात आखली. त्यांना बोलावून आणले बाळकृष्ण दोशींनी (दोशी जन्माने पुण्याचे, हे जाता जाता). तिथे लांब बोळच नाही. मजल्यावर दहा खोल्या, त्याही जिना आणि चहाच्या खोलीभोवती. वर येणारा विद्यार्थी कुणाशी तरी दोन शब्द बोलूनच आपल्या खोलीत जातो.

अशा १८ पैकी १४ इमारती पाडण्याचा प्रस्ताव संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये मांडला. विटा झिजल्या होत्या, गळती होती, २००१ च्या भूकंपाचा मारही होता. देशोदेशींहून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी प्रस्ताव मागे घेतला गेला. तरी २०२२ मध्ये काही वसतिगृहे नव्याने बांधण्याचे पुन्हा ठरलेच. तेव्हा उघड्या विटांचा मोह आपण धरू नये, गिलावा करावा. घ्यायची ती मांडणी घ्यावी.

दर मजल्यावर दोन खोल्या कमी करून जिन्यालगत एक बैठकीची खोली द्या. खाटा घटतील म्हणून देणगीदार कुरकुरतील. त्यांच्याकडे मी स्वतः जाईन. तोवर मंजुरी पंधरा दिवस पुढे ढकलावी, अशी माझी सूचना आहे.