बरे झाल्यानंतरचे दिवस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या विनंतीवरून दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी "आपण कर्करोगावर मात कशी केली ते सांगा" अशी मला आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. 'मात' हा शब्द माझ्या बाबतीत मला खरा वाटत नाही. औषधांनी आपले काम केले, डॉक्टरांनी आपले केले, आणि मी खाटेवर पडून राहिले. शेजारच्या खाटेवर परभणीकडची एक मुलगी असे. ती माझ्याहून कितीतरी धीराची होती. ती गेली. मी लढले म्हणून वाचले असे म्हणायचे, तर ती लढण्यात कमी पडली असे म्हणावे लागेल, आणि ते मी कदापि म्हणणार नाही. तेव्हा मी विषय बदलून मागितला. आजार बरा झाल्यावर माणसाचे काय होते, तेवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

तरी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. २०१२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, माझ्या गळ्याशी गाठ आली. काही महिने ती क्षयाची समजून औषधे झाली. पुढे गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा हॉजकिनचा आजार निघाला. लसिकाग्रंथींचा हा कर्करोग इंग्लंडातील डॉ. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली प्रथम वर्णिला. तो तरुण वयात विशेष आढळतो आणि सुदैवाने बहुतांश रोगी त्यातून बरे होतात. छत्रपती संभाजीनगरचे (तेव्हाचे औरंगाबादचे) शासकीय कर्करोग रुग्णालय त्याच वर्षी नुकते सुरू झाले होते. पण आमच्या घरी ती वार्ता पोहोचली नव्हती. जालन्याच्या माणसाला तेव्हा एकच वाट ठाऊक होती: देवगिरी एक्सप्रेस आणि परळचे टाटा रुग्णालय. १९४१ साली उघडलेल्या त्या वास्तूत मी दर पंधरवड्यास एक, अशा १२ मात्रा घेतल्या. राहण्यास दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा होती. तेथील उपकार या जन्मी फिटणारे नाहीत.

२०१३ च्या मे महिन्यात उपचार संपले. तपासणीत रोगाचा मागमूस उरला नव्हता. घरी पेढे वाटले. आणि, मंडळी, त्या रात्रीपासून मी रडू लागले ते जवळजवळ सहा महिने.

याचा उलगडा मला स्वतःलाही होईना. आई म्हणे, "अगं, देवाने दिलं, आता रडतेस कशाला?" उपचार चालू होते तोवर प्रत्येक दिवसाला काम होते: रक्त तपासायचे, सुई घ्यायची, वांती आवरायची, पुढची तारीख मोजायची. ते सारे एका दिवसात थांबले. इतरांच्या दृष्टीने गोष्ट संपली. माझ्या दृष्टीने, आपल्यावर काय गुजरले हे पाहण्यास तेव्हा कोठे उसंत मिळाली. अमेरिकेत फिट्झ्यू मलन नावाचे एक डॉक्टर होते. १९७५ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्यांना स्वतःला छातीत कर्करोग झाला. पुढे १९८५ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून, रोगातून वाचणे ही एक घटना नसून त्याचे ऋतू असतात, असे मांडले. पहिला ऋतू उपचारांचा, दुसरा उपचार संपल्यानंतरच्या दीर्घ धास्तीचा, तिसरा स्थिरावण्याचा. हा लेख पुष्कळ वर्षांनी माझ्या पाहण्यात आला. दुसऱ्या ऋतूचे नाव वाचून मला जो दिलासा मिळाला, तो पेढ्यांनी मिळाला नव्हता.

त्या ऋतूत काय काय असते, ते सांगते. साधा खोकला आला तरी हात गळ्याकडे जातो. सहामाही तपासणीच्या आधी पंधरा दिवस झोप उडते. मैत्रिणींची लग्ने होऊन त्यांची मुले बालवाडीत जाऊ लागलेली असतात, आणि आपण मात्र, वर्ग सुटल्यावर मागे राहिलेल्या मुलीसारखे, कोणत्या इयत्तेत बसावे हे न उमजून उभे. आरशातले केस परत येतात, परंतु ते पूर्वीचे नसतात. माझे कुरळे आले. प्रत्येक भेटीला येणारा माणूस युवराज सिंगाचे उदाहरण देतो. २०१२ साली परदेशी उपचार घेऊन तो त्याच वर्षी पुन्हा भारताकडून खेळला, हे खरेच. मला त्याचा आनंदच आहे. पण मी गणिताची शिक्षिका. मला षट्कार मारायचे नव्हते. पूर्वीची मी कोठे गेली, एवढेच शोधायचे होते.

मी मोसंबीवाल्याची मुलगी आहे. अंबड तालुक्यात आमची बाग होती. मात्रा देण्याच्या दिवशी वडील घरून आणलेल्या मोसंबीचा रस मला पाजीत. परिणाम असा झाला की, त्या वासाशी वांती कायमची जोडली गेली. मनाचा हा धर्म डॉक्टरांना परिचित आहे. आजही सालीचा वास आला की पोट ढवळते. आणि तोच २०१२-१३ चा दुष्काळ होता. जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या. कोणी टँकरने पाणी घालून झाडे जगवली, कोणी फांद्या छाटून खोडे तेवढी राखली. आमच्या टँकरचे पैसे परळला गेले. बाग गेली. वडिलांनी याविषयी कधी एक अक्षर काढले नाही, आणि त्यांचे ते न बोलणेच मी वर्षानुवर्षे कर्जासारखे वागवले. शेवटी, चार वर्षांमागे, मीच विचारले. ते म्हणाले, "बाई, त्या साली पाणी विकत घेऊनही निम्मी झाडं गेलीच असती. तू उगाच हिशेब मांडून बसलीस." गणित शिकवणाऱ्या मुलीला याहून योग्य शब्दांत कोण समजावणार होते! हे बोलणे आठ वर्षे आधी झाले असते तर बरे, एवढेच वाटते. (तोडलेल्या खोडांना पालवी फुटते, ही उपमा कृपा करून मला कोणी देऊ नये. आमच्या खोडांना फुटली नाही.)

आता अवघड भागाकडे येते. उपचारानंतर तीन वर्षांनी माझे नाव वधू-वर परिचय पुस्तिकेत द्यायचे ठरले. अर्जात 'मोठा आजार असल्यास' असा रकाना होता. मी त्यात 'हॉजकिन, २०१३ मध्ये पूर्ण बरा' असे लिहिले. अर्ज घेणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी, माझ्याविषयीच्या निव्वळ ममतेने, तो रकाना रिकामा ठेवण्यास सुचवले. आत्यानेही तेच सांगितले. मी ऐकले. एक स्थळ आले. २८ गुण जुळले. दुसऱ्या भेटीत मीच त्या मुलाला सर्व सांगितले. आठ दिवसांनी निरोप आला की, पत्रिका जुळत नाही. मला त्या घराचा राग नाही. मला राग आला तो माझ्या रिकाम्या रकान्याचा. कारण त्यामुळे, जे मी लपवले नसते तेही लपवल्यासारखे झाले.

मंडळींच्या मनात जे प्रश्न असतात व जे कोणी विचारीत नाही, त्यांची उत्तरे देऊन टाकते. हा आजार स्पर्शाने होत नाही. तो सहसा वंशपरंपरेनेही येत नाही. काही औषधांनी मूल होण्याच्या शक्तीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच स्त्रीबीज अथवा वीर्य गोठवून ठेवण्याची सोय विचारावी. मला हे कोणी सांगितले नाही, आणि मीही लाजेने विचारले नाही. हृदय, फुप्फुसे यांची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी टाटा रुग्णालयात १९९१ पासून निराळे चिकित्सालय आहे. त्यांचीच 'उगम' नावाची संघटना इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली मुंबईत निघाली. ती मुले एकमेकांशी ज्या मोकळेपणाने बोलतात, तो मोकळेपणा आमच्या जिल्ह्यात मला कोठे आढळला नाही.

उपचार संपल्याला आता एक तप झाले. मी अविवाहित आहे, शिकवते आहे, आणि बहुतेक दिवस मला आजाराची आठवणही होत नाही. काही दिवस होते. मघाशी येथे गुलाबाचे सरबत फिरले, ते मी घेतले नाही. एका औषधाचा रंग तसा तांबडा असे. यजमानांनी गैरसमज करून घेऊ नये.

मंडळाकडे माझे मागणे एकच. पुस्तिकेतील तो रकाना असू द्यावा अथवा काढावा, याचा निर्णय कार्यकारिणीने करावा. परंतु ज्याने तो स्वतःच्या हाताने भरला, त्याला तो पुसण्यास सांगू नये. यंदा आपल्यातीलच एका तरुणाचे उपचार संपले आहेत. त्याच्या आईने परवा मला विचारले, "ताई, अर्जात काय लिहू?" मी म्हटले, "त्याला विचारलंत का?" त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "नाही." येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे.