पाळी जाते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. भाषणाचा हा माझा पहिलाच प्रसंग. अध्यक्षाबाईंनी "यंदा तुम्ही बोला" म्हटले, तेव्हा मला वाटले लोणच्याबद्दल नाही तर सांडग्यांबद्दल बोलायचे असेल. विषय कळला आणि मी पदर तोंडाला लावला. फळ्यावरही नुसते "स्त्रियांचे आरोग्य" असेच लिहिले आहे. पण आज इथे सगळ्या बायाच आहेत, म्हणून मी सरळ नाव घेते. मला पाळीबद्दल बोलायचे आहे. ती येते तेव्हाचे थोडे आणि जाते तेव्हाचे जास्त.

मुलगी शहाणी होते तेव्हा आई, आजी, मावशी कोणीतरी तिला जवळ घेऊन चार गोष्टी सांगते. त्यांतल्या निम्म्या चुकीच्या असतात. लोणच्याला शिवू नको, तुळशीजवळ जाऊ नको. पण सांगते तरी. तीच बाई पंचेचाळीस वर्षांची झाली आणि पाळी जायला लागली, म्हणजे तिला कोणीच काही सांगत नाही.

माझेच सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी शेजारणींबरोबर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. एकाएकी छातीपासून कानापर्यंत आग उठली, घामाने पोलके ओले झाले. मला वाटले मिरचीच अंगात भिनली. पण मग रात्री झोपेतही तसेच होऊ लागले. पौषाच्या थंडीत मी गोधडी फेकून उठून बसे. पाळी कधी वीस दिवसांनी येई, कधी दोन-दोन महिने पत्ता नसे. घरात लग्नाची मुलगी, आणि मला वाटले दिवसच गेले की काय! भाजीत मीठ कमी आहे एवढेच हे म्हणाले, तर मी समोरचे ताट उचलून नेले आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, कोणाची नजर लागली का तुले?"

शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना विचारले. त्यांनी मला शांतपणे समजावले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. त्यांच्यातून जो स्राव रक्तात मिसळतो, त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. त्याच्यावर पाळी चालते, हाडे मजबूत राहतात, अंगाचा ओलावा टिकतो. चाळिशीनंतर तो हळूहळू आटतो. उन्हाळ्यात विहिरीचे झरे आटतात ना, आज पाणी आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे, तसे चार-पाच वर्षे चालते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे. आपल्याकडे हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होते. चाळिशीच्या आतच गेली तर डॉक्टरांना दाखवावे. आणि बारा महिने पुरे होईपर्यंत दिवस राहू शकतात, हेही विसरू नये.

आगीचे लोट येणे, झोप उडणे, चिडचिड, विसरभोळेपणा, सांधे दुखणे, लघवीला जळजळ, पतीजवळ जाताना त्रास, हे सगळे यात येते. हे वेड नव्हे, नजर नव्हे, आणि नाटक तर नव्हेच.

आता जे सांगायला मी उभी राहिले, ते सांगते. माझी आई वैनगंगेकाठच्या गावची. तिची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती, आणि तिच्या अंगावर पुन्हा लाल जाऊ लागले. रोवणीचे दिवस होते. ती दिवसभर चिखलात वाकून रोवणी करी आणि कपडे गोठ्यात लपवी. म्हातारपणी विटाळ, हे सांगायचे कोणाला? सात-आठ महिन्यांनी माझ्या वहिनीला ते कपडे दिसले. नागपूरला नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्भाशयाचा कर्करोग आहे, आणि फार उशीर झाला आहे. आई जाताना मला म्हणाली, "मले लाज वाटली वं माये." त्या लाजेपायी आमची आई गेली. म्हणून आज मी लाज घरी ठेवून आले आहे.

पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. पुष्कळदा कारण लहानच निघते, पण ते तपासल्यावाचून कळत नाही.

ही लाज काही आमच्याच घरची नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या 92 जणींना स्त्रियांचे कोणते ना कोणते दुखणे होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त 8.

दुसरी गोष्ट याच्या उलट. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या 82,309 स्त्रियांची सरकारने पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत हा विषय गेला. पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते, आणि "कॅन्सर होईल" ही भीती कोणीतरी घातलेली. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, ते खरे. पण अंगावरून जास्त जाते एवढ्यावरून लगेच ऑपरेशन करू नका. आधी औषधांनी भागते का ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, आणि अंडाशये ठेवणार की काढणार हेही विचारा. तीही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास तरुणपणीच एकदम अंगावर येतो, आणि हाडे लवकर झिजतात.

आता घरचे उपाय. रोज अर्धा तास भरभर चाला. दूध, ताक, तीळ, शेवग्याची भाजी खा. मुलांना वाढून उरले तर खाऊ, असे करू नका. सकाळचे ऊन अंगावर घ्या. आगीचे लोट येत असतील तर चहा आणि तिखट कमी करा. आपल्या कुहीत मिरची कमी करा म्हणणे धाडसाचेच आहे, पण मी केली आणि मला गुण आला. रक्त, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमात गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड यांची तपासणी असते, ती चुकवू नका. त्रास फारच असेल तर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनी दिलेलीच घ्यावी, शेजारणीची नव्हे.

मुलींनाही आतापासून सांगा. पाळी एकवीस ते पस्तीस दिवसांनी येते. सात दिवसांहून जास्त चालली किंवा फार जाऊ लागली तर दाखवावे. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली लपवू नका.

माझी मंडळाला एक विनंती आहे. या महिन्यात एक दिवस ठरवून आपण सगळ्या मिळून दवाखान्यात जाऊ. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही. माझे नाव यादीत पहिले लिहा. सासूबाईही येतो म्हणाल्या आहेत.