कॉफीचा रंग आणि भरलेला दात

बंगळूर हे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीचे गाव. आज तेथे उतरणाऱ्या मराठी प्रवाशाचे स्वागत करतो तो कॉफीचा दरवळ. गाळणीतून थेंबथेंब उतरलेला दाट अर्क, त्यात बहुधा चिकोरीची मिसळ, वर उकळते दूध. आणि एक पेला दोघांत वाटून घ्यायचा असेल तर ‘बाय-टू’ एवढे सांगितले की पुरे. हा विधी दिवसातून चार वेळा करणाऱ्या एखाद्या गृहस्थाने पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा दाताच्याच रंगाच्या मसाल्याने भरून घेतलेला असावा. काही वर्षांनी आरशात त्या जागी पिंगट छटा दिसू लागते, आणि दात पांढरे करून घेण्याचा विचार त्याच्या मनात येतो. नेमकी येथेच फसगत होते.

हा मसाला म्हणजे रेझिन आणि त्यात कालवलेली काचेसारखी बारीक पूड. अमेरिकेतील राफेल बोवेन यांना १९६२ साली ज्या रेझिनचे पेटंट मिळाले, त्याच्याच वंशातील मसाले आजही पुष्कळ वापरले जातात. पूड पाणी शोषीत नाही. रेझिन मात्र थोडेसे शोषते, आणि पाण्याबरोबर रंगही आत शिरतो. पृष्ठभाग खडबडीत राहिला असेल तर रंगाला बसायला आयतीच जागा मिळते. प्रयोगशाळेत अशा मसाल्याच्या चकत्या कॉफीत, चहात, हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवतात व रंगातील फरक यंत्राने मोजतात. हळद यात मोठी पटाईत. तेव्हा सगळा दोष कॉफीच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. शिवाय तोंड म्हणजे काही चकती बुडवण्याचे भांडे नव्हे. तेथे लाळ अखंड वाहत असते आणि सकाळी ब्रशही फिरतो.

आता पांढरे करण्याच्या औषधाकडे वळू. हायड्रोजन पेरॉक्साइड दाताच्या कवचातून आत झिरपते आणि तेथील रंगीत द्रव्यांचे विघटन करते. रात्री दातांवर साचा बसवून दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरण्याची रीत हेवूड आणि हेमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. या औषधाने दात उजळतो. भरलेल्या मसाल्यावरचा डाग थोडाफार निघेल, पण त्याचा मूळ रंग दाताच्या बरोबरीने उजळत नाही. परिणामी काल जो कोपरा दाताशी मिळून दिसत होता, तोच आज काळवंडलेला भासतो! मागच्या दाढेत चांदी असेल, तर या औषधाने तिच्यातून सुटणारा पारा थोडा वाढतो, हेही दंतवैद्याच्या ध्यानात असावे लागते.

म्हणून जाणता दंतवैद्य आधी डागाची जागा पाहतो. डाग वरवरचा असेल तर तो घासून, चकाकी देऊन निघतो, आणि पेरॉक्साइडची गरजच उरत नाही. कडेला तपकिरी रेघ असेल तर तिच्याखाली कीड शिरली आहे की काय, हे तपासावे लागते. मसाला उकरून पुन्हा भरणे हा उपाय शेवटचा, कारण प्रत्येक वेळी यंत्राखाली निरोगी दाताचाही थोडा भाग जातो, आणि तो पुन्हा उगवत नाही.

दात उजळायचेच असतील, तर ते आधी उजळावेत आणि नव्या रंगाशी जुळणारा मसाला नंतर भरावा. मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. दातात रेंगाळलेला प्राणवायू नव्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि दाताचा रंगही तेवढ्या काळात स्थिरावतो. ते दोन आठवडे बंगळूरच्या गृहस्थाने कॉफी जरा बेतानेच घेतलेली बरी. ‘बाय-टू’ची सोय तेथे आहेच.