न पाहिलेल्या खडकाची साक्ष

सह्याद्रीच्या घाटांत दिसणारा काळा कातळ हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो लाव्हारूपाने वर आला. त्याचे मूळ पृथ्वीच्या प्रावरणात आहे. भूखंडांखाली साधारण ३०-४० किलोमीटरवर सुरू होऊन २,९०० किलोमीटर खोलवर जाणारे हे प्रावरण पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग व्यापते. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियात कोला द्वीपकल्पावर आहे, आणि तेही १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. मग ज्या खडकाला हात लावता येत नाही, त्याच्याविषयी खात्रीने बोलायचे ते कशाच्या बळावर? ऑस्ट्रेलियाचे भूरसायनशास्त्रज्ञ टेड रिंगवुड यांनी कॅनबेरातल्या प्रयोगशाळेत या प्रश्नामागे अनेक वर्षे घालवली. त्यांच्या कामातून मला एक गोष्ट पटते: आडवाटेने मिळवलेले ज्ञानही पक्के असू शकते, मात्र त्यातली प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासता आली पाहिजे.

बेसाल्ट म्हणजे प्रावरण नव्हे. प्रावरणाचा थोडा भाग वितळून निघालेला तो रस आहे. रस निघून गेल्यावर मागे राहते ते चिपाड, म्हणजे ऑलिव्हिन या हिरवट खनिजाने भरलेला ड्युनाइट. नुसता रस चाखून ऊस कळत नाही. रस आणि चिपाड पुन्हा एकत्र मांडावे लागतात. रिंगवुड यांनी १९६२ मध्ये नेमके हेच केले. ड्युनाइट बराच अधिक आणि बेसाल्ट कमी असे मिश्रण कल्पून त्यांनी त्याला ‘पायरोलाइट’ हे नाव दिले. हे प्रमाण मनाने ठरवलेले नाही का, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पण ज्वालामुखींनी खालून उचलून आणलेले प्रावरणाचे तुकडे आपल्या हाती आहेत, आणि त्यांतल्या कमीत कमी रस गेलेल्या तुकड्यांची घडण पायरोलाइटच्या बरीच जवळ येते.

दुसरा पेच अधिक बिकट होता. सुमारे ४१० आणि ६६० किलोमीटर खोलीवर भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो. तिथे पदार्थच बदलतो, की तोच पदार्थ दाबाने अधिक घट्ट रचना घेतो? ऑलिव्हिनची रचना खोलवर बदलत असावी, हे स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल यांनी १९३६ मध्येच सुचवले होते; पण तेवढा दाब देणारी यंत्रे नव्हती. रिंगवुड यांनी ऑलिव्हिनमधल्या सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम घेतले. त्याचा अणू मोठा असल्यामुळे तेच रूपांतर कितीतरी कमी दाबाला घडते. बदली पदार्थाची साक्ष खऱ्या पदार्थाला कशी लागू व्हावी, असे कोणी विचारील. तेवढ्यावर ते थांबले असते तर हा आक्षेप टिकला असता. पण यंत्रे सुधारली तशी त्यांनी ॲलन मेजर यांच्या साथीने खऱ्या सिलिकेटवर प्रयोग केले, आणि १९६६ मध्ये ऑलिव्हिनचे ते घट्ट रूप हाती आले. ते ऑलिव्हिनपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक घन भरते.

तरी ते प्रयोगशाळेतच घडलेले. निसर्गातला पुरावा आधी आकाशातून आला. क्वीन्सलंडमध्ये १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत हे खनिज सापडले आणि १९६९ मध्ये त्याला ‘रिंगवुडाइट’ हे नाव मिळाले. पण अशनीतला दाब टकरीचा, पृथ्वीच्या पोटातला नव्हे. ती उणीव भरून निघाली २०१४ मध्ये. ब्राझीलमधील जुइना भागातल्या, बाजारात फारसे मोल नसलेल्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या तपकिरी हिऱ्यात केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असा रिंगवुडाइटचा कण आढळला. हिऱ्याच्या पोलादी मिठीमुळे वर येतानाही त्याची रचना मोडली नव्हती. रिंगवुड १९९३ मध्येच वारले होते.

एका कणावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का? हे खनिज प्रावरणात आहे, एवढे सांगायला एक कण पुरतो. मात्र त्या कणाच्या वजनात एक टक्क्याहून अधिक पाणी निघाले, यावरून ४१० ते ६६० किलोमीटरमधला सगळा थर पाणीदार आहे असे म्हणणे घाईचे होईल. ते एखाद्या ठिकाणापुरतेही असू शकते. ६६० किलोमीटरच्या खाली पायरोलाइटच आहे, की सिलिकॉन अधिक असलेला खडक, हा वादही मिटलेला नाही. त्यासाठी आज प्रयोगशाळांत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये खनिजांचे बारीक कण धरून, लेझरने तापवून दाबले जात आहेत.