व्हिडिओ कधीचा? विजेला विचारा
(भवानी पेठ, सोलापूर इथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोहल्ल्यात काही गडबड झाली की तासाभरात सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ येतो. त्यात एखादा चेहरा ओळखीचा निघतो. मग पोलीस ठाण्यात आणि पुढे कोर्टात दोन प्रश्न उरतात: हा व्हिडिओ कधीचा, आणि तो मधून कापलाय का? एखाद्या मुलाचा जामीन, नोकरी, घरच्यांची अब्रू या उत्तरावर अडकते. फाइलवर दिसणारी वेळ फोनच्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ कुणीही बदलू शकतं. पण एक घड्याळ असं आहे जे तुमच्या-माझ्या हातात नाही. ते घरातल्या ट्यूबलाइटमध्ये आहे.

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला साधारण ५० वेळा दिशा बदलून परत येते. प्रत्येक फेऱ्यात दिवा दोनदा मंदावतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्यांना हे कळत नाही. फोनचा कॅमेरा मात्र अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. म्हणून ट्यूबलाइटखाली व्हिडिओ काढताना पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. ते पट्टे म्हणजे विजेची सही.

आता गंमत अशी की हा आकडा कधीच नेमका ५० राहत नाही. विजेची मागणी वाढली की तो किंचित खाली येतो, घटली की वर जातो. आपल्याकडे नियमाने ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. हा चढउतार क्षणोक्षणी होतो आणि ग्रिड चालवणारे त्याची नोंद ठेवतात. व्हिडिओतल्या प्रकाशातून हाच चढउतार वेगळा काढायचा आणि त्या नोंदीशी जुळवून पाहायचा. जुळला, तर चित्रीकरणाची वेळ कळते. मध्येच उडी दिसली, तर तिथे काटछाट झाल्याचा संशय घेता येतो.

रोमानियातले तज्ज्ञ कॅटालिन ग्रिगोरास यांनी आधी ध्वनिमुद्रणातल्या विजेच्या गुणगुणीवर हे काम केलं. लंडनच्या पोलीस प्रयोगशाळेने त्यासाठी वर्षानुवर्षं विजेची नोंद साठवली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात मिन वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आवाज नसला तरी व्हिडिओतल्या प्रकाशातूनही ही खूण मिळते.

यात सोलापूरचं एक खास स्थान आहे. २०१३ च्या अखेरीपर्यंत दक्षिणेचं ग्रिड वेगळ्या तालावर चालायचं. एकाच क्षणी सोलापुरात एक आकडा, तर रायचूरला दुसरा. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ केव्हीची रायचूर–सोलापूर लाइन जोडली गेली आणि देशाचं ग्रिड एका तालावर आलं. त्यामुळे आज ही पद्धत वेळ सांगू शकते, पण व्हिडिओ सोलापूरचा की लखनौचा हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

मर्यादा आणखीही आहेत. भर उन्हातल्या चित्रीकरणात ही खूण नसते. इन्व्हर्टरवरच्या दिव्याचा ग्रिडशी संबंध नसतो. चांगले एलईडी जवळपास लुकलुकतच नाहीत. काही सेकंदांची क्लिप सहसा पुरत नाही, काही मिनिटं लागतात. आणि व्हॉट्सॲपवरून पाठवताना फाइल दाबली जाते, तेव्हा ही बारीक खूण पुसट होते. म्हणून ‘जुळलं नाही’ याचा अर्थ ‘खोटं आहे’ असा होत नाही.

कोर्टात वेळेचा प्रश्न किती मोठा होतो हे आपल्याच राज्यात दिसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात एक उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्यात आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः कोर्टात हजर केलं, तर लागत नाही. संबंधित अधिकारी ते देत नसेल, तर कोर्टाकडे मागता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. आता त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. व्हिडिओ महत्त्वाचा वाटला तर मूळ फाइल पुसू नका. ती कापू नका, तिला गाणं लावू नका. प्रत हवी असेल तर केबलने पेन ड्राइव्हवर घ्या. आणि दुकानाच्या सीसीटीव्हीत काही असेल तर त्याच दिवशी मालकाला भेटा आणि वकिलामार्फत लेखी मागणी करा, कारण त्यात जुनं आपोआप पुसलं जाऊन नवं भरतं.

शेवटचं. जून २०१४ मध्ये हडपसरला जमावाने सोलापूरच्या एका तरुणाचा जीव घेतला. समाजमाध्यमांवरच्या ज्या चित्रांवरून वातावरण पेटलं होतं, त्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रयोगशाळा कोर्टापर्यंत पोचलेल्या माणसालाच मदत करते. त्याच्या आधीची तपासणी तुमच्या अंगठ्याखाली आहे. कधीचा आणि कुठला हे माहीत नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका, मग तो आपल्या बाजूचा वाटला तरी.