आजीच्या आईचा व्यवसाय
(शताब्दी मेळाव्यातील भाषण)



या स्मरणिकेसाठी प्रत्येक घराकडून पूर्वजांची माहिती मागवली होती. आमचा कागद मी तीनदा भरला आणि तीनदा फाडला. माझ्या आजीची आई काय काम करायची, या रकान्याशी मी अडत होते. आजवर आम्ही ‘शेतमजूर’ असं सांगत आलो. गावात तिला चेटकीण म्हणत.

आजीने सांगितलेली ही हकिगत रत्नागिरीकडची. पणजी विधवा होती. पदरी एक मुलगी आणि उतारावरचा नाचणीचा तुकडा. आषाढात कणगीचा तळ दिसू लागला की ती रानात जायची. टाकळा, कुर्डू, भारंगीचा पाला आणायची. कडू करांदे राख घालून उकडायची, खाजरा सुरण आमसूल टाकून शिजवायची. ज्याने घसा खाजून सुजायचा तेच लोक पोटभर खात. शेजारणींना ती जादूच वाटे.

आणि ती सुईण होती. बाळंतिणीला अळीव, डिंक, बाळंतशेपा, ओवा, वर गरम पेज. तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. मिरच्यांचा खाट उठला नाही तर म्हणायची, दृष्ट जबर होती. मोहरी फोडणीचीच, दृष्टीसाठी वेगळी नव्हती. डबा एकच. (माझा दृष्टीवर विश्वास नाही. तरी भाचीच्या बाळाची मी काढते, ते सोडा.)

मग एका घरात बाळंतीण गेली. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते, अशी कोकणात समजूत. मेलेलीला जाब विचारता येत नाही, म्हणून जिवंत बाईला विचारला. ज्या हातांनी गावातल्या निम्म्या पोरांची नाळ कापली, ते हात एका रात्रीत वाईट झाले. पाणवठा बंद झाला. नाचणीच्या तुकड्यावर दिराचा डोळा होता, हे आजी अगदी शेवटी, आवाज उतरवून सांगायची. मला वाटतं, सगळी गोष्ट त्या शेवटच्या वाक्यात आहे.

पणजी मुलीचा हात धरून निघाली आणि तिने करारावर अंगठा दिला. आपल्या माणसांच्या कराराच्या कागदांवर वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूणसुद्धा लिहीत. गाव का सोडलं, याला रकाना नव्हता. म्हणून सगळ्यांच्याच घरी ‘गरिबीमुळे आलो’ एवढंच उरलं. गरिबी होतीच. पण तेवढीच होती का, हे आपापल्या घरी विचारून पाहा.

इथे आल्यावर तिला आपली अळवंतीण पुन्हा भेटली. मलय लोक तिला पोंतियानाक म्हणतात. तीही बाळंतपणात मेलेलीच. 1957 साली इथल्या कॅथे-केरिसने तिच्यावर सिनेमा काढला, दिग्दर्शक बी. एन. राव, म्हणजे भारतातलाच माणूस. मलय सुईण ‘बिदान’ 44 दिवस बाळंतिणीला जपते, आपला सव्वा महिना, चिनी शेजारणीचा एक महिना आलं आणि तिळाच्या तेलावर. जिथे बायका बाळंतपणात मरत, तिथे खाणंही असं जपून आणि भूतही असंच. पुढे कांदांग करबाऊ इस्पितळात 1966 या एका वर्षात जवळजवळ 40,000 बाळं जन्मली. माझ्या वर्गातल्या मुलांना पोंतियानाक ठाऊक आहे, पण ती कशाने मेली हे विचारलं तर सांगता येत नाही. मला ते बरंच वाटतं.

पण हे सगळं जुनं झालं असं समजू नका. सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपल्या हयातीतल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला. त्याच वर्षी कायदा झाला. कुणी करणी करतं असं जाहीर करून त्याचं जगणं नकोसं करणं हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. पणजीच्या वेळी ती गावकीची रीत होती.

चौथ्या कागदावर मी ‘सुईण’ लिहिलं. आईने बघितलं, काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, स्वयंपाकही लिही. मग तेही लिहिलं.

मागच्या टेबलावर अळिवाचे लाडू ठेवले आहेत, पणजीच्या पद्धतीचे, ओल्या नारळाचे. गूळ जरा जास्त झाला आहे. आज संपवायलाच हवेत, इथल्या हवेत उद्यापर्यंत टिकत नाहीत.