दुर्बिणीचे ऑपरेशन मध्येच उघडावे लागते, ते का?



काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एका मुलाच्या अब्बांनी मला अडवले. "डॉक्टरसाहेब, दुर्बिणीने करतो म्हणालात, तीन भोकेही पाडलीत, मग पोट का उघडले? काही चुकले का?" प्रश्न रास्त होता. मी थकलो होतो. दोन वाक्यांत उत्तर देऊन निघून गेलो. आज आपण मला बोलावलेच आहे, तेव्हा ते उत्तर नीट देतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात बेंबीजवळ लहानसा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते व आत काम करायला जागा होते. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून तोच वापरतात. मग एका भोकातून कॅमेऱ्याची दुर्बीण, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० साली अशा रीतीने अपेंडिक्स काढले, तेव्हा तेथील सर्जन मंडळी त्याच्यावर तुटून पडली होती. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढले. आज हे ऑपरेशन तालुक्याच्या गावीही होते. दुखणे कमी, टाके थोडे, घरी लवकर. म्हणून सुरुवात शक्यतो दुर्बिणीनेच करतात.

पण ठरवून केलेले ऑपरेशन वेगळे आणि तातडीचे वेगळे. त्या मुलाचेच घ्या. पोटात दुखू लागले तेव्हा दादीने गॅस समजून ओवा दिला. मग कोणी जुलाबाचे औषधही दिले. अपेंडिक्सच्या दुखण्यात जुलाबाचे औषध देऊ नये, हे येथे मुद्दाम सांगतो. चौथ्या दिवशी मुलगा आला तोवर अपेंडिक्स फुटले होते, पोटभर पू होता आणि आतडी एकमेकांना चिकटली होती. अपेंडिक्स जेथे आतड्याला जोडलेले असते तो भागही सडला होता. तेथे गाठ मारली तर धागा ओल्या कागदातून जावा तसा आरपार जातो. अशा वेळी बोटांनी चाचपून निरोगी भाग कुठवर आहे ते पाहावे लागते. पडद्यावर चित्र मोठे दिसते खरे, परंतु पडद्याला स्पर्श नसतो.

पित्ताशयाची गोष्ट आणखी नाजूक. त्याची स्वतःची नळी बारीक असते, आणि शेजारूनच यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका जाते. सुजेने सारे एकजीव झाले म्हणजे कोणती कोणती ते कळत नाही. चुकून मुख्य नलिका कापली गेली तर रोग्याला पुढे मोठी ऑपरेशने सोसावी लागतात, कधी जन्माचे दुखणे मागे लागते. खात्री पटत नसताना कात्री चालवायची नाही. थांबायचे, आणि गरज पडली तर पोट उघडायचे.

आतड्याला अडथळा आला असेल तर आतडी फुगून पोट आधीच भरलेले असते. वायूला जागा कुठून मिळणार? हत्याराचा धक्का लागून फुगलेले आतडे फाटू शकते. पूर्वी ऑपरेशन झालेल्या पोटात आतडी जुन्या व्रणाला चिकटलेली असतात. रक्तस्राव सुरू झाला तर दुर्बिणीची काच क्षणात माखते, आणि तेथे हाताने दाबून धरण्याइतका जलद उपाय दुसरा नाही. कधी इशारा भूलतज्ज्ञाकडून येतो: वायूच्या दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि आधीच खचलेल्या रोग्याचा रक्तदाब उतरू लागतो. मग वायू सोडून द्यावाच लागतो.

उघड्या ऑपरेशनाची किंमत मी लपवत नाही. जखम मोठी, दुखणे जास्त, जखमेत पू होण्याचा व पुढे हर्निया होण्याचा धोका जास्त, आणि इस्पितळातले दिवसही वाढतात. खर्चही बदलू शकतो. तो आधीच विचारून घ्या, त्यात संकोच कसला? संमतीपत्रात "गरज पडल्यास पोट उघडून" असे वाक्य असते. घाईत ते न वाचता सही होते. विद्यार्थ्यांनो, घरात वाचणारे तुम्हीच असाल तर ते मोठ्याने वाचून दाखवा. जुन्या ऑपरेशनाचे कागद आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सोबत न्या, आणि वाटेत चहा-पाणीही देऊ नका.

त्या मुलाचे अब्बा टाके काढायला आले, तेव्हा मी कागदावर आतड्याची आकृती काढून त्यांना हे सारे दाखवले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे आधी दाखवले असते, तर ती रात्र एवढी जड गेली नसती." तेव्हापासून मी आकृती सही घेण्यापूर्वी काढतो.